बलू : ठळक देवनागरी टाइपफेसबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकानांच्या पाट्या, पाकिटांची लेबलं, शाळांचे फलक, मंडळांची बॅनर ही माझी रोजची कामं. त्यात ‘बलू’ हा टाइपफेस सतत हाताखाली असतो. डीटीपीवाले, शिक्षक, नव्याने धंदा सुरू केलेली मंडळी बलू वापरायला घेतात आणि पुन्हा पुन्हा त्याच जागी अडतात. त्यांचे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. यातली बरीच उत्तरं कुठल्याही जाड देवनागरी अक्षराला लागू पडतील.

बलू म्हणजे नक्की काय?

मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाने केलेला ठळक, गुबगुबीत वळणाचा टाइपफेस. बलू म्हणजे अस्वल. अक्षरं बघितली की नाव लगेच पटतं: अंगाने भरलेली, कडा मऊ, तरी आकार नीट धरून असलेली. सारंग कुलकर्णी, नूपुर दात्ये, गिरीश दळवी ही या गटातली नावं. वेगवेगळ्या लिपींच्या बलूमागे आणखी बऱ्याच जणांचे हात आहेत.

देवनागरीबरोबर त्यात रोमन अक्षरंही आहेत आणि दोन्ही शेजारी ठेवली तर एका घरातली वाटतात. माझ्या लेखी बलूचं सगळ्यांत मोठं मोल हेच. पाटीवर मराठीखाली इंग्रजी नाव टाकायचं झालं की पूर्वी आम्ही मराठीला एक फॉन्ट आणि इंग्रजीला ‘इम्पॅक्ट’ नाहीतर ‘एरियल ब्लॅक’ लावून मोकळे व्हायचो. दोन्हींची जाडी जुळायची नाही, वळण तर नाहीच नाही. पाटी दोन वेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखी दिसायची.

टाइपफेस आणि फॉन्ट यात फरक काय?

अक्षरांचं एकत्र योजलेलं रूप म्हणजे टाइपफेस. ते रूप तुमच्या संगणकात ज्या फाइलमधून येतं ती फाइल म्हणजे फॉन्ट. रोजच्या बोलण्यात सगळेच फॉन्ट म्हणतात, मीही म्हणतो. खालीही दोन्ही शब्द येतील.

डिस्प्ले टाइपफेस कशाला म्हणतात?

मोठ्या आकारात, थोड्या शब्दांसाठी केलेल्या अक्षराला. पुस्तक वाचताना आपलं लक्ष मजकुरावर असतं, अक्षराकडे जात नाही आणि जाऊही नये. फलकावर उलट घडतं. आधी अक्षराचा चेहरा दिसतो, मग शब्द वाचला जातो. म्हणून डिस्प्ले अक्षराला स्वभाव लागतो आणि तो लांबून कळावा लागतो. बलूचा स्वभाव मोकळा, हसरा, जरा घरगुती आहे. हाच स्वभाव परिच्छेदभर सलग वाचावा लागला तर डोळे दमतात.

बलूला सॅन्स सेरिफ म्हणतात. देवनागरीत सेरिफ असतात कुठे?

नसतातच. सेरिफ म्हणजे रोमन अक्षराच्या पायाशी आणि टोकाशी असलेली बारीक पावलं. ती काढून टाकलेलं अक्षर म्हणजे सॅन्स सेरिफ. विल्यम कॅस्लॉन चौथा याच्या १८१६ च्या नमुन्यात असं छापील अक्षर पहिल्यांदा दिसतं. पुढे जाहिरातींनी ते उचलून धरलं, कारण बारीक पावलं नसलेलं अक्षर मनासारखं जाड करता येतं. जेफ्री ली यांचं १९६५ चं ‘इम्पॅक्ट’ त्याच वाटेवरचं.

देवनागरीत पाहायचं ते रेघेच्या जाडीकडे. बोरूने लिहिलेल्या अक्षरात एकच रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते, कारण बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं, आणि तेही रोमन लिहिणाऱ्यांच्या टाकाच्या उलट बाजूला. पोथ्यांची अक्षरं तशीच आहेत आणि जुन्या छापखान्यांच्या खिळ्यांनीही तेच वळण घेतलं. ही जाड-बारीक चाल जवळजवळ काढून टाकून रेघ सगळीकडे सारख्या वजनाची ठेवली की जे देवनागरी अक्षर मिळतं, त्याला आपण सवयीने सॅन्स म्हणतो. शब्द उसना असला तरी कामापुरता पुरतो.

रेघ जाड केली की झालं. त्यात अवघड काय?

मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच, आणि उत्तर द्यायला मला आवडतोही.

एका कागदावर ‘प’ काढा आणि त्याची रेघ हळूहळू जाड करत जा. आतली पांढरी जागा आक्रसत जाते. ‘प’ तरीही तग धरतो, त्याच्या पोटात जागा भरपूर आहे. आता ‘द्ध’ काढा. वर शिरोरेषा, तिच्याखाली ‘द’ चं वळण, त्याच्या पोटाशी ‘ध’ ची गाठ, आणि हे सगळं ‘प’ ला मिळालेल्याच उंचीत. रेघ जाड केली की पांढरं बुजतं आणि लांबून नुसता काळा गोळा दिसतो. ‘ह्य’, ‘ज्ञ’, ‘ष्ट्र’, ‘ड्ड’ यांची हीच गत. इंग्रजीत ही अडचण ‘ए’, ‘ई’, ‘एस’, ‘जी’ अशा मोजक्या अक्षरांत येते. आपल्याकडे जोडाक्षरांची शेकड्यांनी रांग उभी असते, शिवाय वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार.

म्हणून ठळक देवनागरी करणारा माणूस खरं तर पांढरं सांभाळत असतो. ‘क’ चं पोट दांड्याला जिथे चिकटतं तिथे तो रेघ गुपचूप बारीक करतो. गाठी उघडतो, म्हणजे भरीव गोळ्याऐवजी नुसतं वळण ठेवतो. गर्दीच्या अक्षराला थोडं रुंद होऊ देतो. आणि हे केल्याचं कुणाला जाणवू नये याची काळजी घेतो. बलूतला ‘क’ पडदाभर मोठा करून बघा, मग तोच बोटाएवढा करून बघा. मोठ्यात रेघ कमी-जास्त झालेली दिसेल. लहानात सगळी रेघ एकाच जाडीची वाटेल.

बलू भाई, बलू चेट्टन, बलू पाजी ही काय नावं आहेत?

ही एकाच टाइपफेसची भारतीय भावंडं. देवनागरीचा तो नुसता बलू. गुजरातीचा बलू भाई, बंगालीचा बलू दा, गुरुमुखीचा बलू पाजी, उडियाचा बलू भैना, मल्याळमचा बलू चेट्टन, कन्नडचा बलू तम्मा, तेलुगूचा बलू तम्मुडू, तमिळचा बलू तंबी आणि उर्दूचा बलू भाईजान. त्या त्या भाषेत भावाला जी हाक मारतात तीच नावात आली आहे. चेट्टन आणि दा थोरले. तम्मा, तम्मुडू, तंबी धाकटे.

याचा फायदा नुसत्या गमतीपुरता नाही. सोलापूरला कन्नड-मराठी किंवा तेलुगू-मराठी पाटी लागते, नंदुरबारकडे गुजराती-मराठी. पूर्वी अशा कामात दुसऱ्या लिपीला जो मिळेल तो फॉन्ट लावावा लागे. आता दोन्ही भाषा एकाच आवाजात बोलतात. प्रत्येक लिपीचा फॉन्ट वेगळा उतरवून घ्यावा लागतो, एवढं मात्र लक्षात ठेवा.

‘बलू’ आणि ‘बलू २’ यात काय बदललं? साइटवर नवा लावला आणि अक्षरं एकदम रोड दिसायला लागली.

पहिला बलू एकाच जाडीत होता. नाव ‘रेग्युलर’, पण अक्षर भरपूर ठळक. बलू २ मध्ये पाच जाड्या आल्या: रेग्युलर, मिडियम, सेमीबोल्ड, बोल्ड आणि एक्स्ट्राबोल्ड, म्हणजे वेबच्या आकड्यांत ४०० ते ८००. तुमच्या साइटच्या कोडमध्ये जुना आकडा ४०० तसाच राहिला असणार. जुन्या बलूत ४०० म्हणजे ठळक होतं, नव्यात ४०० म्हणजे खरोखरच साधं. आकडा ७०० किंवा ८०० करा, जुना भरदारपणा परत येईल.

बलू २ व्हेरिएबल रूपातही मिळतो. एकाच फाइलमध्ये ४०० ते ८०० मधली कुठलीही जाडी घेता येते. पाटीच्या कामात मी याचा फार उपयोग करून घेतो. ७०० कमी पडतं आणि ८०० जास्त होतं तेव्हा ७४० वर थांबता येतं.

जुनाच बलू मथळ्याला लावला आहे, पण अक्षरं गच्च, मातीने लिंपल्यासारखी दिसतात. का?

मथळा ठळक दाखवायचा ही ब्राउझरची ठरलेली सवय. तुम्ही दिलेल्या फॉन्टमध्ये ‘बोल्ड’ नावाची जाडी नसेल तर तो स्वतःच अक्षर फुगवतो. आधीच जाड असलेलं अक्षर पुन्हा जाड केल्यावर पोटातली जागा संपते. मथळ्याची जाडी ४०० करून टाका, किंवा बलू २ वर या. वर्ड किंवा फोटोशॉपमध्येही ‘बी’ चं बटण दाबून फुगवू नका. जाडी हवी असेल तर फॉन्टच्या यादीतून त्या जाडीचा खरा फॉन्ट निवडा.

बलू फुकट आहे का? धंद्यासाठी चालेल?

चालेल. तो सिल ओपन फॉन्ट लायसन्स या खुल्या परवान्याखाली आहे. पाटी, पाकीट, पुस्तक, चित्रफीत, ॲप, साइट, कशातही वापरा. पैसे द्यायचे नाहीत, पाकिटावर नाव छापायची सक्ती नाही, आणि तुमचं डिझाइन तुमचंच राहतं. फॉन्ट उघडून त्यात बदल करायलाही मोकळीक आहे, पण बदललेला फॉन्ट याच परवान्याखाली द्यावा लागतो. नुसता फॉन्ट विकता मात्र येत नाही. कुणी ‘मराठी स्टायलिश फॉन्ट’ची सीडी किंवा पेनड्राइव्ह पैसे घेऊन देत असेल आणि त्यात बलू असेल, तर तुम्ही फुकटच्या गोष्टीचे पैसे भरत आहात. गूगल फॉन्ट्सवरून थेट उतरवून घ्या.

फोटोशॉपमध्ये ‘स्थिती’ लिहिलं की वेलांटी भलतीकडे जाते आणि ‘स’ चा पाय मोडलेला दिसतो. फॉन्ट खराब आहे का?

फॉन्ट चांगला आहे. देवनागरीत आपण ‘थ’ नंतर ऱ्हस्व वेलांटी टाइप करतो, पण दिसताना ती ‘स्थ’ या सगळ्या जोडाक्षराच्या आधी यावी लागते. हे जागेवर नेण्याचं काम प्रोग्रॅमचं, आणि ते त्याला सांगावं लागतं. फोटोशॉपच्या नव्या आवृत्तींत पॅराग्राफ पॅनलच्या मेनूत ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ चालू करा. जुन्या आवृत्तींत प्रेफरन्सेसच्या ‘टाइप’ विभागात मिडल ईस्टर्न व साउथ एशियन हा पर्याय निवडून नवी फाइल उघडा. इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडा.

कोरल या डिझाइनच्या प्रोग्रॅमची खूप जुनी आवृत्ती वापरत असाल तर तिच्याशी झगडू नका. इंकस्केप हा फुकट प्रोग्रॅम घ्या, त्यात शब्द लिहा, त्याचे पाथ (म्हणजे नुसत्या आकृत्या) करा, पीडीएफ काढा आणि ती कोरलमध्ये आणा. दोन मिनिटं जास्त जातात, पण जोडाक्षर शाबूत राहतं.

श्रीलिपीतला मजकूर निवडून बलू लावला तर इंग्रजी कचरा दिसतो.

पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीने आणि तिच्यासारख्या इतर पद्धतींनी मराठी छपाई वर्षानुवर्षं चालवली, पण त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या घरात मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. बलू युनिकोडवर, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचं वेगळं घर देणाऱ्या पद्धतीवर चालतो. मजकूर आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि मग एकदा स्वतः वाचून काढा. रफार आणि जोडाक्षरांत चुका राहतात. फलकाच्या आकारात एक चुकीचा रफार म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसणारी चूक.

बलू किती लहान आकारापर्यंत चालतो?

कागदावर एक्स्ट्राबोल्ड मी १६ पॉइंटच्या खाली नेत नाही. बोल्ड फार तर १४. त्याखाली मिडियम किंवा सरळ दुसरा टाइपफेस.

ही शिस्त मला एका तुपाच्या पाकिटाने लावली. लेबलवर ‘शुद्ध गायीचे तूप’ असं लिहायचं होतं. वरचं मोठं नाव बलूच्या एक्स्ट्राबोल्डमध्ये झकास बसलं, म्हणून खालची बारीक ओळही मी त्याच जाडीत ९ पॉइंटला टाकली. पडद्यावर छान दिसत होती, लेझर प्रिंटवरही दिसत होती. प्लॅस्टिकच्या पाकिटावर छापून नमुना आला तेव्हा ‘शुद्ध’ मधला ‘द्ध’ बुजून गेला होता. शाई प्लॅस्टिकवर केसभर पसरते, आणि ‘द्ध’ च्या पोटात केसभरच जागा होती. नमुना खिडकीशी धरून पाहिला तर ‘शु’ नंतर एक काळा ठिपका. सगळ्या लेबलावर ज्या शब्दासाठी गिऱ्हाईक पैसे मोजतं तोच शब्द वाचता येत नव्हता. प्लेट पुन्हा करावी लागली, खर्च मी सोसला. तेव्हापासून लेबलच्या मजकुरातलं सर्वांत गर्दीचं जोडाक्षर मी आधी शोधतो आणि सगळ्या ओळीचा आकार त्याला विचारून ठरवतो.

अक्षरं जरा लांब लांब ठेवली तर छान दिसतील ना? इंग्रजीत करतात तसं.

देवनागरीत हे करू नका. शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. वेबवर, फोटोशॉपमध्ये, कुठेही अक्षरांतली जागा वाढवायचा मोह आवरा. हवा हवीच असेल तर शब्दांमध्ये ठेवा, ओळींमध्ये ठेवा, फलकाच्या कडांना ठेवा. जाड अक्षराला भोवती मोकळी जागा मिळाली की ते आपोआप ऐटदार दिसतं.

बाहेरून रंगीत बॉर्डर दिली तर शिरोरेषेवर प्रत्येक अक्षरापाशी उभ्या रेघा दिसतात. अ‍ॅक्रिलिक कटिंगलाही तिथेच काप जातो.

शब्दाची शिरोरेषा सलग दिसते, पण ती प्रत्येक अक्षराच्या छोट्या तुकड्यांची बनलेली असते आणि ते तुकडे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. बॉर्डर दिली की प्रत्येक तुकड्याची कड उघडी पडते. लेझर मशिनलाही तीच कड दिसते आणि ती इमानदारीने तिथे काप घेते.

उपाय सोपा आहे. शब्द कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करा, सगळे तुकडे निवडा आणि वेल्ड करा, म्हणजे एकसंध जोडा. इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं ‘युनाइट’. मग मोठं करून प्रत्येक सांधा डोळ्याखालून घाला. कर्व्ह केल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही, म्हणून टाइप केलेली मूळ फाइल वेगळी जपून ठेवा.

यातच देवनागरीचा एक मोठा फायदा दडला आहे आणि पाटीवाल्यांनी तो पुरेपूर घ्यावा. वेल्ड केलेला बहुतेक शब्द एकाच सलग तुकड्यात कापला जातो. इंग्रजी नावाची आठ अक्षरं आठ वेळा मोजून, लेव्हल धरून भिंतीवर चिकटवावी लागतात. मराठी शब्द एकदा उचलायचा आणि लावायचा. फक्त अनुस्वार आणि नुक्त्यासारखी सुटी टिंबं वेगळी पुडीत बांधून घ्या. भिंतीवर लावताना हरवतात ती तीच.

स्टेन्सिल कापून रंग मारायचा आहे. चालेल?

तसाच चालणार नाही. ‘ब’, ‘व’, ‘प’, ‘म’ यांच्या पोटातला बंद तुकडा कापल्यावर गळून पडतो. तिथे बारीक पूल ठेवावा लागतो. बलू जाड असल्यामुळे पूल ठेवायला जागा मिळते, पण तो प्रत्येक अक्षरात एकाच बाजूला ठेवा, नाहीतर ओरखडा वाटतो.

दुकानाच्या पाटीवर मराठी किती मोठी हवी?

महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार पाटीवर देवनागरीतलं मराठी नाव सुरुवातीला यावं लागतं आणि मराठी अक्षरांचा आकार इतर भाषेच्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाही. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही हे लागू झालं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्यापाऱ्यांना पाट्या बदलायला दोन महिने दिले, त्या वेळी आमच्या धंद्यात सगळीकडे धावपळ होती.

इथे एक बारकावा लक्षात घ्या. प्रोग्रॅममध्ये दोन्ही भाषांना ३०० पॉइंट आकार दिला म्हणून दोन्ही सारखी दिसतीलच असं नाही. पॉइंटचा आकडा वेलांट्या-उकारांसकट सगळ्या उंचीचा हिशेब धरतो. पुष्कळ फॉन्टमध्ये त्याच आकड्याला मराठी अक्षराचं अंग इंग्रजी कॅपिटलपेक्षा ठेंगणं निघतं. म्हणून आकड्यावर जाऊ नका. लेआउटवर शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची मोजा, इंग्रजी कॅपिटलची उंची मोजा, आणि मराठी त्याहून उणी नाही हे बघून घ्या. मी मराठी थोडी वरचढच ठेवतो. नियमासाठी तर आहेच, पण आपल्या गावातली पाटी आपल्या भाषेत आधी दिसावी असं मला मनापासून वाटतं.

लांबून वाचण्याचा ढोबळ हिशेब दहा फुटांना एक इंच. रस्त्यापलीकडे, साठ फुटांवरून दिसायचं असेल तर अक्षराचं अंग सहा इंच. मात्रा आणि उकार यात धरू नका.

मराठी ‘ल’, ‘श’ आणि ‘ऱ्य’ नीट यावेत म्हणून काय करायचं?

पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही आपली ओळखीची वळणं. हिंदी छपाईत दांड्याचा ‘ल’ आणि शेंडीचा ‘श’ दिसतो. अनेक आधुनिक फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा कोणती ठरवली आहे ते पाहून फॉन्ट योग्य ते देतो. म्हणून इनडिझाइनमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडा, वेबपानावर भाषेचा संकेत मराठीचा ठेवा. हिंदीच राहिला असेल तर मराठी वळण असूनही दिसणार नाही. काम सुरू करण्यापूर्वी ‘लाल शाल’ एवढं लिहून बघण्याची सवय लावा.

‘ऱ्य’ चा प्रश्न फॉन्टपेक्षा कीबोर्डचा असतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. दुसऱ्यासाठी साधा ‘र’ चालत नाही. नुक्त्याचा ‘ऱ’, मग हलन्त, मग ‘य’ असं टाइप करावं लागतं. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर तो शिफ्ट दाबून ‘जे’ च्या बटणावर आहे. ‘पुढाऱ्यांचे स्वागत’ असं बॅनर ‘पुढार्यांचे’ होऊन चौकात लागलेलं दिसलं की मला वाईट वाटतं, कारण चूक एका बटणाची असते.

दोन ओळींमध्ये एवढी जागा का सुटते?

वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या-रफार एकमेकांना भिडू नयेत म्हणून फॉन्टमध्येच ती जागा राखलेली असते. दोन-तीन शब्दांच्या मथळ्यात ती जास्त वाटते. तिथे हाताने कमी करा, पण मजकूर बघून. वर ‘गुरुकुल’ आणि खाली ‘विद्यार्थी’ असेल तर उकार आणि वेलांटी नक्की भेटणार. वर ‘आजचा’ आणि खाली ‘भाव’ असेल तर खुशाल जवळ घ्या.

काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं, मागून दिवा. कुठली जाडी घेऊ?

एक पायरी कमी. गडद पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर आहे त्यापेक्षा जाड भासतं आणि मागून उजेड असला तर तो अक्षराच्या पोटात सांडतो. दिवसा एक्स्ट्राबोल्डमध्ये सुरेख दिसणारा ‘हॉटेल श्रद्धा’ रात्री पांढरा पट्टा होतो. बोल्ड घ्या, आणि शक्य असेल तर रात्री रस्त्यापलीकडे उभं राहून स्वतः बघा.

बलू कुठे वापरू नये?

भावपूर्ण श्रद्धांजलीच्या फलकावर नको. अक्षराला चेहरा असतो आणि बलूचा चेहरा हसरा आहे. दुःखाच्या घरी जाताना आपण कपडे बदलतो, तसं अक्षर बदलावं. न्यायालयाची नोटीस, दवाखान्यातल्या सूचना, औषधाची मात्रा यांनाही नको. लग्नपत्रिकेत चिमुकल्यांच्या आग्रहाच्या ओळीला गोड दिसतो, बाकी पत्रिकेला नाही. बालवाडी, खाऊ, खेळणी, दुधाचे पदार्थ, वाचनालयाचा बालविभाग, सायकल फेरी, आठवडी बाजाराचा भावफलक इथे मात्र बेधडक वापरा.

बरोबर मजकुराला कुठला फॉन्ट लावू? आणि ‘मोदक’ कसा आहे?

मजकुराला ‘मुक्त’. तोही एक टाइपचाच, सात जाड्यांत मिळतो, परवाना तसाच खुला. वर बलू, खाली मुक्त ही जोडी मी डोळे मिटून लावतो.

मोदक हे याच गटाचं आणखी टोकाला गेलेलं अक्षर आहे. त्यात अक्षर इतकं फुगतं की पोटातली जागा नुसत्या बारीक चिरेएवढी उरते आणि त्या चिरेनेच अक्षर ओळखायचं. गणपतीच्या दिवसांत एका शब्दासाठी, फुटाफुटाच्या अक्षरांत, त्याला तोड नाही. मात्र एकाच शब्दासाठी, आणि मोठाच.

असे तयार फॉन्ट आल्यावर हाताने अक्षर काढणाऱ्यांचं काय?

कमल शेडगे यांनी नाटकांची नावं वर्तमानपत्रांच्या जाहिरातींसाठी हाताने रेखाटली, प्रत्येक नावाला त्या नाटकाचा स्वभाव दिला. कुठलाही फॉन्ट ते करू शकत नाही, कारण फॉन्टमधल्या ‘क’ ला हजार शब्दांत एकच चेहरा घेऊन जावं लागतं. एखादं नाव कायमचं होणार असेल, संस्थेचं, मासिकाचं, नाटकाचं, तर अक्षर काढणाऱ्या माणसाकडे जा आणि त्याचे पैसे द्या. उद्या सकाळी लागणारा फलक असेल तर बलू घ्या. मी स्वतः दोन्ही करतो. ज्या पेंटरकाकांकडे मी ब्रश धरायला शिकलो ते शिरोरेषा शेवटी ओढायचे, आधी सगळी अक्षरं लटकती ठेवून. फॉन्टमध्ये काम करतानाही मी अजून शब्दाकडे तसंच बघतो.

मला असं ठळक अक्षर स्वतः काढायला शिकायचं आहे. सुरुवात कुठून करू?

काळ्या कागदावर पांढऱ्या रंगाने करा. काळा चौकोन घ्या आणि त्यातून ‘प’ ला लागणारं पांढरं तेवढं काढा. नंतर ‘ब’, मग ‘क’, मग ‘ह’. रेघेकडे बघायचं नाही, फक्त उरलेल्या आणि काढलेल्या जागेकडे. महिनाभराने फॉन्टफोर्ज हा फुकट प्रोग्रॅम घेऊन त्यात बलूची फाइल उघडा. परवाना तशी मोकळीक देतोच. तुमचा ‘क’ आणि त्यांचा ‘क’ शेजारी ठेवा, आणि पोट दांड्याला चिकटतं तिथली रेघ दोन्हींत किती बारीक झाली आहे ते मोजून वहीत लिहा. ‘द्ध’ सगळ्यांत शेवटी.